कागदी फिल्टरवाल्या इंदूताई

गाडीतून काढलेला जुना एअर फिल्टर इंदूताई कधी सरळ कचऱ्यात टाकत नसत. काउंटरवर वर्तमानपत्र पसरायच्या, फिल्टर त्यावर दोनदा आपटायच्या आणि पडलेली धूळ बोटाने पसरवून बघायच्या. मग गिऱ्हाइकाला काही न विचारता त्याची गाडी कुठे फिरून आली ते सांगायच्या. धूळ तांबूस असली की मुरमाचा रस्ता, पांढरट असली की गिट्टीखदान, आणि पिवळसर, फुंकर मारताच उडणारी असली की धानाचा भुसा. मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेले तेव्हा माझ्या फिल्टरमधून तिन्ही निघालं, शिवाय एक वाळलेला नाकतोडा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमी का करता जी, मॅडम?"

मी जनावरांची डॉक्टर. गोंदियाला नुकतीच बदली होऊन आले होते, शहरालगत मुर्रीला भाड्याने राहत होते आणि एका जुन्या डिझेल गाडीतून खेडोपाडी फिरत होते. हे ऐकल्यावर त्यांनी रॅकमधून एक साधा कागदी फिल्टर काढून माझ्यासमोर ठेवला आणि धानाची मळणी सुरू असेल त्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी दाखवून जायला सांगितलं. गाडीची कंपनी, मॉडेल हे त्यांनी नंतर विचारलं. त्यांचा नियमच होता तसा. "गाडी कोणती ते मंग पाहू. कोणत्या रोडनं जाते ते पहिले सांगा," असं त्या प्रत्येकाला म्हणत.

दुकान लहान होतं. पुढे काउंटर, मागे रॅक, रॅकच्या बाजूला एक दार आणि दारावर निळा पडदा. पडद्यामागे त्यांचे यजमान हेमराजभाऊ होते. पूर्वी ते याच जागेत गॅरेज चालवत. गाडीचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. एका संध्याकाळी जंगलातल्या रस्त्याने मोटारसायकलवरून येताना रानडुक्कर आडवं आलं आणि त्यांच्या पाठीचा कणा मोडला. कमरेखालचं शरीर गेलं. मी त्यांना पाहिलं तेव्हा या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. इंदूताईंनी गॅरेज बंद करून तिथेच स्पेअर पार्टचं दुकान थाटलं, कारण दुसरीकडे कुठे कामाला जाणं शक्यच नव्हतं. दर दोन तासांनी भाऊंना कुशीवर वळवावं लागे. मध्ये काही लागलं की ते स्टीलचा ग्लास खाटेच्या दांड्यावर वाजवत. तो वाजला की इंदूताई हातातलं गिऱ्हाईक तसंच सोडून आत जात.

त्या नऊ वर्षांत त्या गोंदियाच्या बाहेर गेल्या नव्हत्या. माहेर इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या एका गावात. सगळं मिळून अडीच-तीन तासांचा रस्ता, पण आई गेली तेव्हाही मातीला पोहोचता आलं नाही. मुलगी रायपूरला दिलेली. तीच वर्षातून एकदा येऊन जाई. हे मला त्यांनी कधी रडून सांगितलं नाही. एकदा माझ्या फिल्टरमधला भुसा बोटावर घेऊन त्या इतकंच म्हणाल्या, की आमच्याकडचं धान असंच निघते, बारीक.

दुकानाच्या सगळ्यात वरच्या फळीवर लाल रंगाचे काही खोके होते. त्यांत परफॉर्मन्स फिल्टर होते, शंकूसारखे, सुती जाळीचे, तेल लावलेले. कागदी फिल्टर भरला की फेकावा लागतो, हे धुवून पुन्हा लावता येतात. हवा मोकळी जाते, गाडी जोर धरते आणि ॲक्सिलरेटर दाबला की सुर्रकन आवाज येतो. हेमराजभाऊंनी अपघाताच्या आदल्या महिन्यात ते नागपूरहून हौसेनं आणले होते. गोंदियात हा माल सगळ्यात आधी आपल्याकडे असं त्यांना वाटत होतं. त्यातला जेमतेम एखादा विकला गेला, आणि मग ते स्वतःच खाटेवर पडले.

कॉलेजची पोरं ते खोके बघून मागत. इंदूताई आधी रस्ता विचारत आणि मग नाही म्हणत. त्यांचं म्हणणं सोपं होतं. ज्या जाळीतून हवा मोकळी जाते तिच्यातून बारीक धूळही थोडी जास्त जाते. स्वच्छ हायवेवर काही बिघडत नाही. इथे भुशातून गाडी काढायची असते. "कागद आहे, भरला का फेकून द्याचा. इंजिन फेकता येते का?" असं म्हणून त्या कागदीच देत.

बरोबरच होतं त्यांचं. पण पडदा कापडाचा होता. आतल्या माणसाला प्रत्येक शब्द ऐकू जात होता. आपण हौसेनं आणलेली वस्तू घेऊ नका, असं आपली बायको दिवसातून दोनदा लोकांना सांगते, हे हेमराजभाऊ वर्षानुवर्षं छताकडे बघत ऐकत होते. हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला. इंदूताईंना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. खोटं सांगून विकता येत नव्हतं आणि खरं हळू आवाजात सांगायची सोय नव्हती.

एका मार्च महिन्यात इंदूताई मागच्या नळावर पाणी भरत असताना हेमराजभाऊंनी मला आत बोलावलं. खोली अंधारी आणि अतिशय स्वच्छ होती. त्यांनी माझ्या गाडीबद्दल विचारलं. चढावर ओढत नाही असं मी सहज म्हणाले. ते कोपरावर रेटून थोडे वर झाले. त्यांचा चेहरा एकदम तरुण दिसला. तो लाल फिल्टर लावून पाहा, माझ्यासाठी एकदा लावा, असं ते म्हणाले. "इंदू नाही म्हणन. तिच्यावर नका जाऊ. मी गाड्या केल्या हाय, मॅडम."

मला नाही म्हणता आलं नाही. बाहेर येऊन मी लाल खोका मागितला तेव्हा इंदूताईंनी मला रस्त्याचा तोच प्रश्न विचारायला तोंड उघडलं, पडद्याकडे पाहिलं आणि फळीखाली स्टूल ओढून त्यावर चढल्या. जोडायला लागणारा पाइप, क्लॅम्प सगळं त्यांनी स्वतः काढून दिलं. तेल लावताना हात आखडता ठेवा, एवढंच त्या म्हणाल्या. मी नीट ऐकलं नाही.

गाडी खरंच बरी ओढू लागली. तो आवाजही मला आवडला, कबूल करते. मे महिन्यात उन्हाळी धान निघालं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मळणीयंत्रं सुरू झाली. मी मोठ्या निष्ठेनं फिल्टर काढला, धुतला, वाळवला आणि धूळ जाऊ नये म्हणून भरपूर तेल पाजून पुन्हा लावला. दोन दिवसांनी तिरोड्याच्या पुढे एका शेतावर जायचं होतं. म्हैस अडली होती. दुपारची वेळ. गाव चार-पाच किलोमीटरवर असताना गाडीने दोन आचके दिले, लाल दिवा लागला आणि ती बंद पडली. पुन्हा पुन्हा चावी फिरवली. रस्त्यावर सावली नव्हती, फोनवर पलीकडून म्हशीच्या मालकाचा आवाज येत होता आणि दोन्हीकडून भुसा उडत होता. तासाभराने एका मोटारसायकलवाल्याने मला पेटीसकट नेऊन सोडलं. म्हैस वाचली. पारडू पोटातच गेलं होतं. त्या घरातल्या म्हाताऱ्या आजींनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. हात धुवायला पाणी दिलं आणि चहा घेऊनच जा म्हणाल्या. ते मला जास्त लागलं.

गाडी ओढत आणून इंदूताईंच्या दारात उभी केली. त्यांनी बॉनेट उघडलं आणि पाइपमधून एक लहानसा भाग काढून मला दाखवला. इंजिनात किती हवा जाते ते मोजणारा तो सेन्सर तेलाने माखला होता. त्यांनी तो स्प्रेने पुसला, आतला पाइप तळहात घालून साफ केला, फिल्टरचा मूळ डबा परत बसवला आणि त्यात नवा कागदी फिल्टर टाकला. पारडाचं सांगितल्यावर त्यांचे हात थांबले. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, असं मी म्हणाले. लाल फिल्टर त्यांनी जुन्या फडक्यात गुंडाळून काउंटरखाली सरकवला आणि अगदी हळू म्हणाल्या, "त्यायले नका सांगू. त्यायच्याकडं तेवढंच आहे."

तेव्हापासून मी त्या घरात अडकले. दर पंधरवड्याला फिल्टर दाखवायला जायचं, आणि गेले की आतून हाक यायची. गाडी कशी आहे, चढ कसा घेते, ॲव्हरेज वाढलं का, हेमराजभाऊ सगळं विचारत. मी खुर्चीवर बसून खोटं बोलत असे. बाहेर काउंटरवर बसून इंदूताई ते ऐकत असत. सुरुवातीला मी आटोपतं घेई. पुढेपुढे मला घाट रचावे लागले, कारण त्यांना तपशील हवे असत. देवरीकडच्या घाटात एक ट्रक मी कसा मागे टाकला, हे मी त्यांना दोनदा सांगितलं आहे. तो ट्रक कधी नव्हताच. परत निघताना इंदूताईंच्या नजरेला नजर देता येत नसे. मी दुसरं दुकान धरायचंही ठरवलं होतं. एकदा महिनाभर गेले नाही, तर मॅडम कशाने रागावल्या असं भाऊ रोज विचारतात, असा निरोप आला.

असं दीड वर्ष चाललं. मग दिवाळीच्या सुमारास भाऊंनी हट्ट धरला, की गाडी मागच्या गल्लीत आणून खिडकीखाली उभी करा, मला आवाज ऐकायचा आहे. पूर्वी दोन-तीनदा मी गल्लीत विटा पडल्या आहेत वगैरे सांगून वेळ मारून नेली होती. त्या दिवशी सबब सुचली नाही. मी इंदूताईंकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली, आणा म्हणून.

मी गाडी खिडकीखाली नेली, ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग इंजिन बंद करून आत गेले. हेमराजभाऊ डोळे मिटून पडले होते. "कागदी हाय न हे," ते म्हणाले.

मी काही बोलण्याआधी पडदा सरला. ग्लास वाजला नसताना इंदूताईंना आत येताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"होय. मीच लावला," त्या म्हणाल्या. "दोन दिवाळ्या झाल्या." आणि मग तिरोड्याच्या रस्त्यावरचं सगळं त्यांनी सांगितलं, पारडासकट. माझी बाजू घेऊन नाही, भाऊंचीही घेऊन नाही, जसं झालं तसं.

हेमराजभाऊंनी विचारलं, "मंग मले कायले नाही सांगितलं?"

"सांगून तुमी कुठं गेले असते?" इंदूताई म्हणाल्या. "आन मी तरी कुठं गेली असती? या खोलीतच त राहाचं होतं न दोघाईले."

हेमराजभाऊंनी मान भिंतीकडे वळवली. मी निघून आले. नंतर इंदूताईंनी सांगितलं, की तीन दिवस ग्लास एकदाही वाजला नाही. तहान लागली तरी नाही. त्या आपणहून दर अर्ध्या तासाने आत जाऊन बघत होत्या. ज्या आवाजाने त्या इतकी वर्षं जागेला बांधल्या गेल्या होत्या, तो बंद झाल्यावर त्यांना काउंटरवर बसवेना. चौथ्या दिवशी हेमराजभाऊंनी ते खोके खाली काढायला सांगितले, सगळे खाटेजवळ ठेवून घेतले आणि एकेक फिल्टर हातात घेऊन पाहिला. त्यानंतर नागपूर-रायपूर हायवेवरच गाडी चालवणारं गिऱ्हाईक आलं की इंदूताई त्याला आत पाठवू लागल्या. भाऊ त्याला धुवायचं कसं, वाळवायचं किती, तेल किती कमी लावायचं हे अर्धा-अर्धा तास शिकवत. माझं उदाहरण देत. चार फिल्टर त्यांनी असे स्वतः विकले.

पुढच्या हिवाळ्यात पडून पडून झालेली पाठीची जखम चिघळली, ताप चढला, संसर्ग किडनीपर्यंत गेला आणि आठवडाभरात हेमराजभाऊ गेले.

मला वाटलं होतं आता इंदूताई रायपूरला जातील, निदान माहेरी जाऊन येतील. मुलगी न्यायला आली होती. त्या गेल्या नाहीत. तेरवीनंतर दुकान उघडलं, आणि जूनमध्ये माझी बदली होईपर्यंत मी त्यांना त्याच काउंटरवर पाहिलं. निघायच्या आदल्या दिवशी भेटायला गेले. एखादा दिवस तरी बंद ठेवा, बाहेर पडा, असं मी म्हणाले.

"ठेवलं होतं जी, एका रविवारी," त्या म्हणाल्या. "आंघोळ केली, चांगलं लुगडं नेसली, शटरले कुलूप लावलं. रोडवर येऊन उभी राहिली. बसवाला थांबला, कुठं जाता बाई म्हणे. मले सांगताच आलं नाही. अर्धा घंटा तशीच उभी होती. मंग शटर उघडून आत येऊन बसली."

माझ्याबरोबर चला, गाडीत जागा आहे, चार दिवस राहून या, असं मी म्हणाले. त्या हसल्या आणि नवा पत्ता लिहून द्या म्हणाल्या, येईन न. मी पत्ता लिहून दिला. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि पदराच्या टोकाला बांधला.

या गोष्टीला दोन पावसाळे झाले. त्या आल्या नाहीत. गोंदियाला जाणारी गाडी माझ्या घराजवळून रोज सुटते, आणि मीही अजून गेलेली नाही.