ग्रे प्रायमर आणि पुढची सीट

राजापेठेतल्या गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मी रंगाआधी मारायचा स्प्रेचा प्रायमर मागितला, तेव्हा दुकानदारानं विचारलं, "कोन्त्या गाडीले?"

"जीपला."

"मंग एका डब्यात काय होते ताई?"

मी तळहात पुढे करून जीप केवढी ते दाखवलं. तो स्टुलावरून पडायचाच बाकी राहिला. पण माणूस भला. लाल, पांढरा, ग्रे असे तीन डबे मांडले. मी ग्रे घेतला, कारण ग्रेवर सांध्यांतली खोट लपत नाही, वेळीच घासून काढता येते. चाळिशी उलटलेली बँकेतली बाई प्लॅस्टिकच्या गाड्या का जोडते, हे समजावत मात्र बसले नाही.

घरी आधी आइस्क्रीमच्या प्लॅस्टिकच्या चमच्यांवर फवारून पाहिलं. पातळ हात छान बसला. जाड थर दिला तो चमचा मऊ पडून वाकडा झाला. जीपचा किट एकच होता, आणि तो बाबांच्या पंचाहत्तरीसाठी होता.

बाबा धारणीला सरकारी जीपचे ड्रायव्हर होते. त्यांचा एक नियम: सरकारी गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही. मी कडेवर असताना आई दोन पिशव्या घेऊन स्टँडवर बसची वाट पाहत उभी होती. बाबा रिकामी जीप घेऊन समोरून आले, हॉर्न वाजवला आणि धूळ उडवत निघून गेले. ही गोष्ट आई प्रत्येक लग्नात, बारशात सांगते आणि दर वेळी त्यातली धूळ थोडी वाढते.

वाढदिवसाच्या दिवशी भल्या सकाळी मी आणि आई अकोल्यात, जठारपेठेतल्या आई-बाबांच्या घराच्या गच्चीवर होतो. बाबा फिरायला गेले होते. चहा-पेपरसकट त्यांचे दोन तास जातात. आम्हालाही ऊन चढायच्या आत उरकायचं होतं. एप्रिलच्या अकोल्यात उशिरा फवारलं तर प्रायमर हवेतच वाळतो आणि गाडीवर रव्यासारखा पडतो. जीप भांड्यांच्या साबणानं धुऊन, वाळवून, हातात धरता यावी म्हणून आईच्या लाटण्याला चिकटवलेली. सरावासाठी मी आधी किटमधला ड्रायव्हरचा पुतळा घेतला, नेम धरला आणि दाबलं. बिचाऱ्याच्या नाकावरून ओघळच आला.

"सडा असा टाकते काय वं कोणी?" आई म्हणाली. "एकाच जागी वतशीन तं डबकंच होईन. उंबऱ्याच्या भाईरून हात सुरू कर, पार पलीकडे जाऊ दे."

तिनं डबा हिसकावलाच. गाडीच्या अलीकडे दाबलं, हात गाडीवरून सरकत पलीकडे गेला, तिथं सोडलं. बॉनेटवर सायीसारखा पातळ थर धरला. मी टाळ्या पिटल्या. मग तिला चेवच आला. टायर, हेडलाइट, लाटण्याचं टोक, माझ्या बांगड्या, काही म्हणून सोडलं नाही. हसून हसून आमच्या पोटात दुखायला लागलं.

त्या भरात तिनं किटमधला दुसरा पुतळा उचलला. "हे कोन?"

"बाजूला बसणारा साहेब."

"साहेबाले उतरव. मले बसव."

साहेबाची टोपी मी कापली. गळक्या नळाला लावतात त्या पुट्टीचा अंबाडा केला, पदर केला. त्यावर आईनं प्रायमरचा हात फिरवला, आणि पुट्टी कुठं संपते नि प्लॅस्टिक कुठं सुरू होतं ते ओळखूच येईना. वाळल्यावर आईनं स्वतःच्या हातानं स्वतःला पुढच्या सीटवर बसवलं.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. "काय करून राह्यल्या मायलेकी?" म्हणत बाबा वर आले, चष्मा लावून वाकले. गिअरचा दांडा पाहून खुलले. मग थांबले.

"बाजूले कोन हाय हे?"

आई पदराशी चाळा करत बाबांच्या तोंडाकडे पाहायला लागली. ही गंमत तिच्यासाठी गंमत नाही, हे तेव्हा मला कळलं.

बाबांनी अंबाड्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"सरकारी गाडी हाय," ते म्हणाले. आईचं तोंड उतरलं.

"पण आता मी रिटायर हाय. नीट धरून बस वं, रस्ता लय खराब हाय."

आईनं खरंच गच्चीचा कठडा धरला.