कुल्फीच्या डब्यातली मोटार

वसरामनं जळालेली मोटार कधी आधी खोलली नाही. आधी नाकाला लावायची. वारंगा फाट्यावरच्या टपरीत वीस वर्षं त्यानं विहिरीवरच्या मोटारी भरल्या, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळली. नुसतं वार्निश करपलंय का तार तुटलीय, हे तो वासावरून सांगायचा. हेच नाक हेरून हट्ट्याच्या सोमेश्वरनं त्याला पुण्याला नेलं. सोमेश्वर लष्करासाठी ड्रोन बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. लष्कराला बाहेरदेशीच्या मोटारी चालणार नव्हत्या. मग मुठीएवढ्या मोटारीत केसासारखी तार भरायला त्याला तांड्यावरचा वसराम आठवला.

आठ महिन्यांनी बर्फाच्या डोंगरावर चाचणी झाली आणि ड्रोन पडलं. कंपनीनं तार भरणाऱ्या वाइंडरवर, वसरामवर, ठपका ठेवून त्याला घरी धाडलं. पंधरा दिवसांनी सोमेश्वर टपरीवर आला. संगं पडलेली मोटार, त्याच खेपेतली एक धड मोटार, तपासायचं सामान आणि एक कागद.

“वसरामभाऊ, वाइंडिंगात चूक झाली, एवढं लिहून द्या. परत कामावर घेतो.”

वसरामनं पडलेली मोटार हुंगली. “ही जळालीच न्हाई. आतलं चुंबक सुटलं. ते चिकटवायचा तुमचा डिंक थंडीत धरून न्हाई राहिला.”

“डिंक तपासलेला आहे.”

“कुठं? पुण्याच्या थंडीत?”

शेजारी जगनचा कुल्फीचा गाडा. त्याच्या मिठाच्या बर्फात वसरामनं धड मोटार पुरली. तासाभरानं काढून बॅटरीवर फिरवली. कडकन चुंबकाची पट्टी सुटली.

“सायेब,” जगन म्हणाला, “माझी कुल्फी तरी जमते यात.”

सोमेश्वर हसला नाही. “मला ठाऊक हाये, भाऊ. पण डिंक बदलला की साऱ्या चाचण्या पयल्यापासून. दीड वर्ष. तेवढा पैसा न्हाई. कंपनी बुडून जाईल.”

“आन् ज्या जवानाला वाटून राहिलं, वरून आपलं ड्रोन बघतंय, त्याचं काय?”

सोमेश्वरनं कागद पिशवीत घातला आणि मोटारी तिथंच टाकून निघून गेला.

सहीवाचून काही अडलं नाही. वाइंडर काढला, दोष गेला, असं कंपनीनं परस्पर लिहून टाकलं. डिंक तोच. लिहिणाऱ्यांना थोडंच त्या डोंगरावर चढायचं होतं!

महिन्याभरात फाट्यावर बोभाटा झाला. जुनं गिऱ्हाईक संतरामकाका भरायला टाकलेली मोटार तशीच परत न्यायला आले.

“सरकारचं उडतं इमान पाडलं म्हणं तू?”

वसरामनं ती पडलेली मोटार त्यांच्या नाकाशी धरली. “हुंगा काका. जळाल्याचा वास येतो का?”

काकांनी हुंगलं. “मला काय कळतं त्यातलं,” म्हणाले, आणि आपली मोटार टेंपोत टाकून नांदेडकडे गेले.