दांडीबहाद्दराचं मनगट

कपड्यांच्या कारखान्यातल्या साठ शिलाई मशिनी सांभाळणाऱ्या मेकॅनिकला ओळखीचे सगळे ‘दांडीबहाद्दर’ म्हणत, आणि नव्या माणसाचा हमखास गैरसमज होई. वास्तविक एकोणीस वर्षांत त्याने कामाला एकदाही दांडी मारली नव्हती. नाव पडलं होतं ते वेगळ्याच दांडीवरून.

दर रविवारी दुपारी एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या लांबट खोलीत पाच टीव्ही मांडून मारामारीच्या व्हिडिओ गेमचे सामने चालत. येणारी बहुतेक कॉलेजातली. त्यांत त्रेचाळीस वर्षांचा, कानांवरचे केस पिकू लागलेला हा. पोरं हातात मावणारं पॅड घेऊन अंगठ्याने खेळत. याच्या मांडीवर मात्र लाकडी खोका, त्यात एका बाजूला लाल गोळ्याची दांडी आणि दुसऱ्या बाजूला आठ बटणं. जुन्या गेम पार्लरमध्ये शिकलेला हात, दांडीशिवाय चालतच नसे. पडद्यावरचा त्याचा गडीही ठरलेला, एक अगडबंब पैलवान. समोरच्याला उचलून आपटणं हा या पैलवानाचा हुकमी डाव, आणि त्यासाठी दांडी एका दमात पूर्ण गोल फिरवून बटण दाबावं लागे. इतरांना दहातून चारदा जमे ते. दांडीबहाद्दराचा डाव क्वचितच चुके. तरी तो फार वेळा जिंकत नसे, कारण मुरलेले खेळाडू नेमक्या क्षणी उडी मारून निसटत. “चांगला खेळाडू मनातलं ओळखतो,” असं तो नव्यांना मोठ्या आदराने सांगे.

मग मनगटाने दगा दिला. माणूस डावखुरा, आठवडाभर स्क्रू ड्रायव्हर आणि रविवारी दांडी, सगळा भार त्याच हातावर. सकाळी दात घासतानाही कळ येऊ लागली, तेव्हा तो डॉक्टरबाईंकडे गेला.

“अंगठ्याच्या मुळाशी सूज आहे,” त्या म्हणाल्या. “स्क्रू ड्रायव्हर तुम्ही सोडणार नाही, ते पोट आहे तुमचं. ती काठी सोडा.”

“काठी नाही, दांडी.”

“जे काय असेल ते.”

खोलीवरच्या एका चष्मेवाल्या पोरीने, तिथल्या सगळ्यांत तरबेज खेळाडूने, आपलं पॅड त्याला वापरून बघायला दिलं. तिथे तर सगळा कारभार अंगठ्यावर. दहा मिनिटांत ठणका लागला. रोग परवडला पण औषध नको, अशी गत झाली.

त्या संध्याकाळी बायको समोर बसून त्याचं तोंड बघत होती. ती सरकारी कचेरीत टायपिस्ट. “अहो, मी दिवसाला चाळीस पानं बडवते. माझं मनगट हलताना पाहिलंत कधी? दांडी काढा आणि चार दिशांना चार बटणं लावा की.”

“तसे खोके मिळतात. पण ती पेटी वाजवणं झालं, कुस्ती नाही.”

“मग बसा शेकत.”

दोन रविवार तो शेकत बसला. तिसऱ्या रविवारी मुकाट्याने फळी कापायला घेतली. बटणं सरळ रेषेत आखायला निघाला, तेव्हा तिने हातातली पट्टीच काढून घेतली. “बोटं काय एका मापाची असतात?” कागदावर त्याचा हात सैल टेकवायला लावून तिने पेन्सिलीने बोटांच्या टोकांपाशी खुणा केल्या. अनामिकेखाली मागे, मधल्या बोटाखाली खाली, तर्जनीखाली पुढे. आणि अंगठ्याखाली उडीचं मोठं बटण.

खोका झाला देखणा, पण खेळाचा पार विचका झाला. अंगठा सवयीने टेकला की पैलवान बेडकासारखी उडी मारी. मागचं आणि पुढचं बटण एकदम दाबलं गेलं की दोन्ही दिशा एकमेकींना खाऊन टाकत, आणि पैलवान खांबासारखा उभा राहून मार खाई. वीस वर्षांची विद्या हातात होती आणि बोटांना तिचा पत्ताच नव्हता. महिन्याभरापूर्वी खेळायला लागलेल्यांकडूनही तो हरला. पोरं हसत नव्हती, हेच त्याला जास्त लागे.

शेवटी एका रविवारी त्याने जुना खोका बाहेर काढला, ओळीने तीन सामने जिंकला आणि शीळ घालत घरी आला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मशिनखाली हात घालून स्क्रू आवळताना बोटांतली पकडच गेली. स्क्रू ड्रायव्हर सुटला आणि मशिनवरच्या बाईच्या पावलावर टोकाने बसला. रक्त आलं.

“असू दे भाऊ, होतं असं,” ती म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. घरी गेल्यावर त्याने दांडीचा गोळा फिरवून काढला आणि खोका माळ्यावर टाकला.

“आता शिकव,” तो बायकोला म्हणाला.

“तुम्ही बोटं मोजता, तिथेच चुकतं,” ती म्हणाली. “‘प्रतिज्ञापत्र’ टाईप करताना मी अक्षरं मोजत नाही. तो एक शब्द असतो, सबंध. तुमच्या गोलाचाही शब्द करा.”

मागे-खाली-पुढे-वर. तो जेवणाच्या टेबलावर बोटं लोळवू लागला, कारखान्याच्या बसमध्ये पिशवीवर लोळवू लागला. चारी बोटं एका लाटेत उतरली की गोल पुरा, आणि शेवटच्या ‘वर’ला पैलवानाचे पाय जमिनीवरून सुटण्याआधी दुसऱ्या हाताने बटण. महिना गेला, दुसराही गेला. मग एके दिवशी लक्षात आलं, की डाव बसतोय आणि आपण मनातल्या मनात काहीच म्हणत नाही आहोत.

वर्षाच्या मोठ्या स्पर्धेत बत्तीस जण उतरले. उपांत्य सामन्यात समोर चष्मेवाली. पूर्वी दहातून आठदा ती त्याच्या हातून निसटायची. आज पैलवानाने तिला एकदा आपटलं, दोनदा आपटलं, आणि सामना संपला तेव्हा ती पॅड खाली ठेवून त्याच्या खोक्याकडे बघत राहिली.

“काका, एक सांगू? रागावू नका. तुमची दांडी वाजायची.”

“म्हणजे?”

“गोल फिरवलीत की खडखड व्हायची. शेजारी बसलेल्याला स्पष्ट ऐकू येई. ती ऐकली की मी उडी मारायचे. सगळेच मारायचे.”

“सगळे?”

“तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं मला.”

ज्यांना त्याने मनकवडे म्हणून मान दिला, ते नुसते कान लावून बसले होते. फसवलं म्हणावं तर कुणी फसवलं नव्हतं. खेळच होता तो. अंतिम सामन्यात तो एका औषधविक्रेत्याशी सरळ हरला. डोकं ठिकाणावर असतं तरी बहुधा हरलाच असता, गडी फार चांगला होता.

घरी त्याने सगळं सांगितलं. बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “म्हणजे इतकी वर्षं तुम्ही ढोल वाजवत चोरी करत होतात!” त्याला आधी राग आला, मग तिचं हसू आवरेना तसा तोही हसायला लागला.

पुढच्या रविवारी ती त्याच्याबरोबर आली. कोपऱ्यातल्या टीव्हीपुढे खुर्ची ओढून बसली, खोका मांडीवर घेतला, दहाही बोटं नीट जागेवर ठेवली आणि म्हणाली, “हं. आता यातली लाथ कुठली ते सांगा.”