घोरलो की रंग पास

छापखान्यात कटिंग मशीनखालचा कचरा आणि किस्से, दोन्ही रोज झाडले तरी रोज साचतात. कचरा रद्दीवाला नेतो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून सांगतो. मी चौथी शिकलो, पण अख्ख्या वर्ध्यात माझ्यासारखी शाई कोणी मिसळत नाही. हे मीच म्हणतो. दुसरं कोणी अजून म्हटलेलं नाही.

*

सुनंदाबाई शाळेतून रिटायर झाल्या आणि ध्यानावरचं मासिक काढू लागल्या. छपाई माझ्याकडे. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "भाऊ, मुखपृष्ठाले शांत रंग पाह्यजे."

मी म्हणालो, "रंग काय ओरडते का, बाई?"

"रंग नाई. तुम्ही ओरडून राह्यले!"

*

कॉम्प्युटरवर माझा पुतण्या प्रफुल्ल बसतो. त्यानं बाईंना पॅलेट दाखवलं. चौकोनांची रांग, सगळे चौकोन सारखेच.

"एकच रंग इतक्यांदा काऊन दाखवतं रे?"

"काका, वेगळे हायेत. हे पहाटेचं धुकं, ही ओली माती, हे चंदन..."

मी एकावर बोट ठेवलं. "अन् हे डबे धुतलेलं रॉकेल!"

बाईंना नेमका तोच आवडला. अंक रॉकेलात निघाला.

*

निळा लावला, तर लोक विचारायचे, "कोणत्या पार्टीचं हाय?" भगवा लावला, तरी तेच. हिरवा, तरी तेच. निवडणुकीची पत्रकं छापून छापून आम्हीच एकही रंग मोकळा ठेवलेला नाही.

मी चिडलो. "मंग कोराच काढा कागद!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याले तुम्ही कशाले पाह्यजे?"

*

बाईंची एक पद्धत. प्रूफ भिंतीला लावायचं, समोर खुर्ची टाकून गप्प बसायचं. डोळे आपोआप मिटले, तर रंग बरोबर. हे सगळं थोतांड आहे, हे दाखवायला मी एकदा ताठ बसलो.

जागा झालो तेव्हा बाई प्रूफवर सही करत होत्या. "इतका रागीट माणूस घोरला. रंग पास!"

तेव्हापासून प्रत्येक रंगासमोर मलाच बसवतात. जन्मभराची कारागिरी बाजूला राहिली, घोरणं कामाला आलं.

*

मग वर्धापनदिनाचा अंक आला. बाई म्हणाल्या, "भाऊ, आज रंग जमला नाई तर मासिक नागपूरच्या प्रेसले देईन."

आमच्याकडे बारमाही काम हे एकच. बाकी लग्नपत्रिका, हंगामापुरत्या. त्या धास्तीनं झोप उडाली. प्रफुल्ल एकामागून एक प्रूफ लावतोय आणि मी टक्क जागा! शेवटी डोळे मिटले आणि घोरण्याचं सोंग घेतलं. चांगलं वठलंही होतं.

बाई हळूच म्हणाल्या, "प्रफुल्ल, शाईचा डबा उघडाच राह्यला वाटते."

मी ताडकन उठलो. "कोणं ठेवला उघडा?"

"रंग नापास," बाई म्हणाल्या.

प्रूफं संपली. प्रफुल्लनं सगळी उतरवली. बाईंनी पर्स उचलली. काम गेलं, असं समजून मी तिथंच बसून राहिलो. समोर नुसती भिंत. ओल आलेली, शाईचे हात पुसलेली, कधीकाळी पिवळी.

घोरणं बाईंना दारापर्यंत ऐकू गेलं म्हणे.

अंक वर्ध्यातच छापला. भिंतीच्या रंगात.

*

अंक पोचला आणि आष्टीहून एक वयस्क वाचक छापखान्यात आले. मी तेव्हा प्रफुल्लवर ओरडत होतो. ते दारातच थबकले. बाई आत होत्या, त्यांना हात जोडून म्हणाले, "मुखपृष्ठ पाह्यलं अन् मन कसं शांत झालं. हा रंग निवडणारे महाराज कुठं बसतात?"

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मजाक नोका करू, बाई. महाराज आले की सांगजा, मी थांबतो."

आणि माझ्याच खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून बसले.