खाणीतला कापूस

चाळिशीतली ती बाई आज मला भेटली, तर मी आधी तिला एका जागी बसवीन. नाहीच बसली तर दोरीनं बांधीन. ती बाई म्हणजे मीच. पण नातवंडांना सांगताना तिला 'ती' म्हटलं की माझी अब्रू थोडी वाचते.

तेव्हा मला दगडांचं खूळ लागलं होतं. नव्वदचं दशक संपत आलेलं. मंगळवार पेठेत घर, नवऱ्याचा लेथचा छोटा कारखाना, आणि मी पोळ्या लाटता लाटता विचार करायची की आज खाणीतलं पाणी किती उतरलं असेल. आमच्याकडच्या काळ्या दगडाच्या पोटात पोकळ्या असतात आणि कधी कधी त्यांत स्फटिक वाढलेले सापडतात, हे मला राजारामपुरीत राहणाऱ्या कॉलेजातल्या एका सरांनी दाखवलं होतं. झालं. तेव्हापासून गावाबाहेरच्या बंद खाणी मला माहेरासारख्या वाटायला लागल्या. सर दसऱ्यानंतर खनिजांचं प्रदर्शन भरवणार होते. "काही चांगलं मिळालं तर टेबलावर जागा ठेवतो तुमच्यासाठी," एवढंच ते म्हणाले होते. मी मात्र त्या टेबलाशेजारी कुठली साडी नेसून उभं राहायचं, हेसुद्धा ठरवून मोकळी झाले होते.

मे महिन्यात खाणीचा तळ उघडा पडला. नवऱ्याला स्कूटर काढायला लावली. खालच्या भिंतीत एक भगदाड होतं, त्यात बॅटरी मारली तर आत पांढऱ्या कापसाचे गोळेच गोळे.

"उंदरानं घर केलंय," नवरा म्हणाला. "चल, ऊन वाढलंय."

उंदीर नव्हता. ते ओकेनाइट होतं. केसाहून बारीक तंतूंचे गोळे, दगडाला चिकटून वाढलेले. बोट लागलं की तंतू आडवे होतात आणि पुन्हा म्हणून उठत नाहीत. अख्खा तुकडा सुटेपर्यंत मी छिन्नी मारत राहिले आणि नवरा "माझ्या छिन्नीची धार गेली, माझ्या छिन्नीची धार गेली" असा जप करत राहिला.

घरी न्यायला मी तांदळाचा डबा आणला होता. तांदळात दगड रुतवून बसवला, गोळे वर मोकळे. डबा मांडीवर आणि माझा हात नवऱ्याच्या खांद्यावर, म्हणजे खरं तर ब्रेकवरच. "हळू. अहो, हळू. खड्डा!" मागून आलेली बैलगाडी आम्हाला ओलांडून गेली. गाडीवान वळून म्हणाला, "पावणं, पेट्रोल संपलं काय?"

घरात दगड फडताळावर ठेवला आणि वर काचेची बरणी उपडी घातली. त्या खोलीत पंखा लावायची चोरी झाली. आणि एवढं करून दिवसातून दहादा बरणी उचलून बघणारी कोण? मीच. सासूबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई, म्हणायच्या, "अगं, अंड्यावर बसलेल्या कोंबडीलाबी येवढी घाई न्हाय."

मग खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी हत्यारं पुजतात. दरवर्षी पाटावर नवऱ्याचे पाने, छिन्न्या, मोजपट्ट्या थाटात बसायच्या. त्या वर्षी माझं डोकं फिरलं. "माझ्या हातोड्यानं काय घोडं मारलंय? आत्याबाई, या वर्षी माझं पण सगळं पूजेला मांडायचं. सगळं!" आणि हे बोलून, घरात थांबवेना म्हणून, झेंडू आणायला बाजारात पळाले.

परत आले तर पाटावर माझा हातोडा, नवऱ्याकडून ढापलेली ती छिन्नी, आणि मधोमध, बरणीबाहेर, माझा कापूस. सगळ्यात मोठ्या गोळ्यावर ओल्या बोटानं लावलेलं हळदकुंकू.

"आत्याबाई!"

"काय झालं? तूच म्हटलीस की, सगळं मांडा."

मी तशीच सरांकडे धावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "एकाच गोळ्याला लागलंय ना? असू दे. बाकीचा तुकडा चांगला आहे. फक्त आता हात लावू नका, आहे तसा आणा."

मी मान डोलावली. अगदी शहाण्यासारखी.

घरी येऊन बरणी उचलली. वाटलं, कुंकवाचा एक कण तेवढा सुईनं निघेल. निघाला, पण शेजारचे चार तंतू बसले. ते उठवायला चित्रकलेचा ब्रश घेतला, तर शेजारचा गोळा चपटा झाला. मग फुंकर. मग पुन्हा सुई. दसऱ्याला लोक सोनं द्यायला येत होते आणि मी एका हातानं आपट्याची पानं घेत होते, दुसऱ्या हातात सुई. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दगडावर एकही गोळा उभा नव्हता. ओल्या मांजरासारखं काहीतरी दिसत होतं.

सासूबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं. "मी एकच बोट टेकवलंतं की गं. बाकीचं कुणी केलं?"

दगड घरीच राहिला. ठरवलेली साडी मात्र मी नेसले आणि सासूबाईंना घेऊन प्रदर्शन बघायला गेले. टेबलावरची माझी जागा सरांनी दुसऱ्या कुणाला तरी दिली होती. तिथेही ओकेनाइटच होतं. माझ्याहून लहान, पण गोळा न् गोळा ताठ उभा. मी वाकले. अगदी जवळून. एका गोळ्यावर बारीकशी धूळ होती, नुसती कडेला. माझा हात कधी उठला ते मला कळलं नाही.

सासूबाईंना कळलं. त्यांनी माझं मनगट पकडलं.

"आत्याबाई, धूळ आहे तिथं."

"असू दे. ती तुझी न्हाय."

आणि उरलेलं सगळं प्रदर्शन आम्ही तसंच बघितलं, जत्रेत पोराला धरतात तसं मनगट धरून. दाराबाहेर येऊन चपला घालेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.