ओळ संपली की डावा हात

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो माझ्या हट्टापायी, आणि हट्टाला कारण होतं ह्यांचा उजवा हात.

हे आमच्याच गावच्या शाळेत गुरुजी होते. धानोऱ्याच्या रस्त्यावर, जंगलाला चिकटून आमचं गाव आहे. नोकरी संपली, पण गावात ह्यांची खरी ओळख नाटकवाले गुरुजी अशीच. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून गावच्या मंडईचं नाटक ह्यांच्याच हातचं. मग तो हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थरथर थोडी कमी झाली, गेली मात्र नाही. गेल्या वर्षी ह्यांनी लिहिलेलं कोणालाच लागेना. खलनायकानं नायकाचं वाक्य म्हटलं, नायक त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, आणि लोक नको तिथे हसले.

यंदा पोळा झाल्यावर मंडळाचा अध्यक्ष आला. चांगला पोरगा आहे, ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी म्हणाला, "गुरुजी, दसऱ्यापर्यंत नाटक हातात आलं तं ठीक. नाई तं यंदा बाहेरून आणू म्हणतो. तुमाले कायले तरास?"

हे म्हणाले, "बरं."

बस, एवढंच! एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी भाषण देणारा माणूस. उजवा हात दुपट्ट्याखाली घेतला आणि अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसले. माझं डोकं असं फिरलं म्हणता! त्या पोरावर नाही, ह्यांच्या त्या "बरं"वर.

आता कोणी म्हणेल, बाई, मग तूच का नाही उतरवून घेतलंस? तर माझं अक्षर. ह्यांचा हात थरथरून अक्षर बिघडलं, माझं काहीही न थरथरता तसंच आहे. म्हणून तर माझ्या वडिलांनी मला लग्नाआधी चंद्रपुरात टायपिंगच्या क्लासला घातलं होतं. मराठी टाइपरायटर! खडखड, खडखड, ओळ संपली की टिंग अशी घंटी, की डाव्या हातानं दांडा ढकलून गाडी परत जागेवर. काय मजा यायची! परीक्षा पास झाले, नोकरी काही लागली नाही, लग्न लागलं. पण बोटं कुठे जातात? ती माझ्याजवळच होती.

आमची मुलगी चंद्रपूरला नर्स आहे. तिला फोन केला, म्हटलं, कॉम्प्युटर आण.

"आई, लॅपटॉप घे ना. नाई तं बाबाले मोबाइलवर बोलून लिहिता येते आता."

बोलून लिहिण्याचं आम्ही करून पाहिलं होतं. ह्यांना माजघरात बसून बोलता येत नाही, मांडवातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असंच बोलतात. मोबाइलनं ऐकलं आणि भलतंच काही लिहिलं. आणि लॅपटॉपची बटणं मी दुकानात दाबून बघितली होती. दाबलं काय, न दाबलं काय, काही कळत नाही. म्हटलं, मला मोठा पाहिजे, वेगळ्या कीबोर्डचा, दाबला की आवाज करणारा.

पोरगी बसनं घेऊन आली. गडचिरोलीला बस बदलताना एक खोकं डोक्यावर आणि एक कंडक्टरच्या हातात. खोकी ओट्यावर ठेवली, पाणी प्यायली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची ड्यूटी म्हणून त्याच बसनं परत! जाता जाता म्हणाली, "ज्याचं तोंड ज्याच्यात बसते तिथीच घालजा. जबरदस्ती नोका करू."

झालं. बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, वंदना घेतली, आणि आम्ही दोघं म्हातारे टेबलाखाली. काय त्या वायरी, मायवं! हे म्हणायचे ही इथली, मी म्हणायचे ती तिथली. एक वायर उरलीच. ती बराच वेळ माझ्या खांद्यावर होती, नंतर कळलं की तीच लाइटची. लावली. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. ढिम्म. ह्यांनी डब्यावर दोन थापा मारल्या, जुन्या टीव्हीला मारायचे तशा. शेजारची बाई कोणी न विचारताच सल्ला देते, ती कुडाच्या कुंपणावरून ओरडली, "पोट्टीले बलावा वापस!"

मी म्हटलं, कोणाला बोलावायचं नाही. पुन्हा टेबलाखाली शिरले तर डब्याच्या पाठीला एक बारीकसं बटण. ते खाली केलं आणि अगंबाई! पंखा फिरला, दिवा लागला, पडद्यावर निळा उजेड आला. हे टाळ्या वाजवायला लागले. मीही. शेजारीण कुड ओलांडून आत आली आणि काय झालं ते न बघताच तीही वाजवायला लागली.

मग मी खुर्चीवर बसले. पाठ ताठ, कोपरे आत, क्लासमध्ये शिकवलं होतं तशी. डोळे मिटले आणि बोटांनी आपणहून "सरकार" लिहिलं. आम्हाला पहिल्या आठवड्यात तोच शब्द घोटायला लावत. डोळे उघडले तर पडद्यावर "तर्कर".

"हे काय वं?" हे म्हणाले.

"मले काय माईत? मी तं सरकार लिहिलं."

बोटं विसरली की काय? पोरीला फोन लावला. ती बसमध्ये होती, ती हसली. म्हणाली, आई, बोटं बरोबर आहेत, मांडणी चुकली आहे. आताच्या मांडणीत अक्षरं वेगळ्या जागी असतात. जुन्या टाइपरायटरची मांडणी आतच असते, ती लाव. बस जंगलात शिरली की फोन तुटायचा, बाहेर आली की पुढचं सांगायची. असं करत करत शेवटी लागली ती मांडणी. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा बोटं चालवली. सरकार! स्वच्छ, काळंभोर, एका ओळीत. मी सुटलेच. सरकार, सरकार, सरकार, खडखड खडखड! ओळ संपत आली, डावा हात आपोआप वर उठला आणि गाडी मागे ढकलायला म्हणून मी पडद्यालाच एक सणसणीत रट्टा दिला.

पडदा गर्रकन फिरून भिंतीकडे तोंड करून बसला. बाजूचा चहाचा ग्लास ह्यांच्या मांडीवर. हे ओरडले, शेजारीण हसून हसून उंबऱ्यावर बसली.

ती सवय काही जाईना हो! दुसऱ्या दिवसापासून हे नाटक सांगायला लागले, मी लिहायला लागले, आणि ओळ संपली की पडद्याला रट्टा. आता ओळ आपोआप खाली जाते, दांडा नाही, घंटी नाही, सगळं मला पाठ. पण हाताला कोण सांगणार? हे म्हणाले, "मी धरतो पडदा." धरला. उजव्या हातानं धरला. तर पडदाच थरथरायला लागला.

"सोडा अवो! अक्षरं नाचून राह्यली!"

मी बोलून गेले आणि जीभ चावली. ह्यांनी पडदा सोडला. मग एकदम हसले. पोटातून, खांदे हलवून, अध्यक्ष येऊन गेल्यापासून पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मीही हसत सुटले. त्या दिवशी पहिला प्रवेश काही पुढे गेला नाही.

पण नाटक पुढे जात होतं. लाइट गेली की कॉम्प्युटरखालचा बॅटरीचा डबा कोकलायचा, कोंबड्या पळायच्या, मी घाईघाईनं सेव्ह करायचे. असं तिसऱ्या अंकापर्यंत आलो आणि तिथे आमचं भांडण लागलं. गोष्ट अशी की नवरा बायकोला टाकून निघून गेला आहे, आणि कितीतरी वर्षांनी माफी मागायला परत येतो. हे सांगायला लागले, "नायिका खोकलते. पडते. त्याच्या मांडीवर डोकं ठेवते..."

मी कीबोर्डवरून हात काढून घेतले.

"काऊन थांबली?"

"मी नाई मारत तिले."

"अवं, नाटक आहे ते!"

"दरसाली मारता. खोकलते काय, पडते काय. आपल्या गावात एक बाई दाखवा मले अशी, नवरा वापस आला म्हणून मरणारी. तिले कामं नाईत का?"

हे चिडले. मीही चिडले. संध्याकाळी हे टेबलाजवळ आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बरं. मंग काय म्हणते ते तुही नायिका?" हे "बरं" वेगळं होतं, त्याला धार होती.

मी विचार केला नाही, बोटांनाच करू दिला. नायिका पहाटे टोपली घेऊन मोहाची फुलं वेचायला निघाली आहे. तो दारात उभा. ती त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "पाणी पे अन् बस. मले मोहाले जाचं आहे, उशीर होऊन राह्यला"

ह्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "पूर्णविराम मी देतो."

त्यांनी हात दुपट्ट्याखालून काढला. कीबोर्डवर नेला. बोट बटणावर टेकलं आणि थरथरलं, आणि एका पूर्णविरामाच्या जागी टिंबांची रांगच लागली. हे खाडकन हात मागे घेऊन म्हणाले, "खोडून टाक."

"राहू द्या," मी म्हटलं. कशाला खोडू? माझ्या नवऱ्यानं लिहिलं होतं ते.

दसऱ्याच्या आधी धानोऱ्याला जाऊन प्रती काढून आणल्या. आमच्या ओट्यावर वाचन ठेवलं. मंडळाची पोरं आली, अध्यक्ष आला, आणि नायिकेचं काम करणारी बाई वडश्याहून आली, अनेक मंडयांमध्ये गाजलेली. हे भिंतीला टेकून, हात पुन्हा दुपट्ट्याखाली. पहिल्या अंकाला पोरं हसली, दुसऱ्याला गप्प झाली. ती बाई शेवटच्या वाक्याला आली आणि अडखळली.

"गुरुजी, इथी इतके टिंबं काऊन?"

ह्यांचा चेहरा उतरला. चुकून झालं असं हे म्हणणार होते, मला ते दिसत होतं. मी आधीच बोलले, "तितकं थांबाचं आहे तिथी. बोलून झाल्यावर लगेच जाचं नाई."

"किती थांबू?" तिनं ह्यांनाच विचारलं.

मग ह्यांनी दुपट्टा बाजूला केला, तो हात सगळ्यांच्या समोर वर धरला आणि म्हणाले, "हा थांबतवरी म्हटलं तं मंडई उठून जाईन बापा! तू तुया मनानं थांब."

अख्खा ओटा हसला. अध्यक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो हसतच राहिला. ती बाई उठली, कोपऱ्यातली माझीच टोपली कमरेला लावली, वाक्य म्हणाली आणि थांबली. नुसती बघत उभी राहिली. हसणारी पोरं एकेक करून गप्प झाली. ह्यांचा हात मांडीवर उघडा पडला होता, थरथरत होता, आणि त्यांना त्याची शुद्धच नव्हती. ते आपलं नाटक बघत होते. मग ती वळली आणि पायऱ्या उतरून अंगणात गेली.

ओळ संपली. माझा डावा हात आपोआप वर उठला आणि अध्यक्षाचा चहा त्याच्या नव्या शर्टावर गेला.