विल्फने नवी केलेली मॉरिस

आमच्या शेजारच्या विल्फ ट्रॅन्टरइतका हट्टी माणूस अख्ख्या श्रॉपशर परगण्यात शोधून सापडायचा नाही. जन्म गेला बसच्या इंजिनांत डोकं घालून, आणि निवृत्त झाल्यावर डोकं घातलं ते घरच्या जुन्या मॉरिसमध्ये. या गाडीचा मागचा सांगाडा लाकडी असतो. विल्फच्या गाडीच्या लाकडावर शेवाळ उगवलं होतं.

पण त्याचा हा नुसता छंद नव्हता. त्याची बायको डोरीन विसरायला लागली होती. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग शब्द, मग स्वतःच्या मुलीचं नाव. मॉरिसचा विषय निघाला की मात्र तिचा चेहरा खुलायचा. लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात दोघं याच गाडीतून वेल्समधल्या बार्मथच्या समुद्रावर जात. विल्फनं मनाशी घेतलं, की गाडी चालती करायची आणि तिला बार्मथला न्यायचं. गाडीची ओळख पटली की ती आपल्यालाही विसरणार नाही.

गॅरेजमधला विल्फ म्हणजे संत. गंजलेला नट हलेना, तर त्यावर तेल सोडून शांत बसून राहायचा. मला म्हणायचा, "जोर केला की मोडतं, मार्ज. धीर धरावा लागतो." आणि डोरीननं दारात येऊन "विल्फ, आज वार कोणता रे?" असं पुन्हा विचारलं, की हाच संत खेकसायचा, "किती वेळा सांगू? मंगळवार!"

"तुझ्या नटांचं नशीब बरंय बाबा," मी तोंडावर सुनावलं.

तो हसला. "गाडी होऊ दे गं पुरी. मग तिच्याजवळच बसायचंय मला."

"आणि तोवर?"

"तोवर तू आहेस की."

होते मी. स्वयंपाकघराच्या खिडकीशी आम्ही दोघी बसायचो. ती गॅरेजच्या दिव्याकडे बघत "विल्फ, ये ना रे आत," म्हणायची, आणि तिकडून कानशीचा आवाज यायचा. मला त्याचा असा संताप यायचा!

आमच्याकडच्या गाडीवेड्यांना एक खोड असते. गाडी चालली म्हणून त्यांचं भागत नाही, ती कालच कारखान्यातून आल्यासारखी दिसायला हवी. विल्फनं लाकूड सगळं नवं घातलं, दारांची खडखड घालवली, सीटवर लाल चामडं चढवलं. जुनं सगळं कचऱ्यात गेलं. गाडीवाल्यांच्या क्लबातली मंडळी बघायला आली आणि तोंडभर कौतुक करून गेली.

मे महिन्यात तो दिवस आला. विल्फनं टाय लावला, सँडविचेस बांधून घेतली. डोरीन वाटेत घाबरली तर हवी म्हणून मला मागे बसवलं. गाडी गल्लीबाहेर पडली आणि डोरीनची बोटं सीटच्या कडेला काहीतरी चाचपायला लागली.

"इथे फाटलेलं होतं," ती म्हणाली. "मी टॉफीचे कागद कोंबायची त्यात."

विल्फला केवढा आनंद! "हो! आठवलं ना? नवीन केलं बघ मी!"

"मग ही आमची नाही," असं म्हणून तिनं हात मांडीवर घेतला. परक्याच्या वस्तूला हात लागल्यासारखी अवघडून बसली.

वेल्सची हद्द लागली तिथे विल्फनं गाडी कडेला घेतली. डोळे भरून आल्यानं त्याला पुढचं दिसत नव्हतं. डोरीन त्याच्याकडे वळून अदबीनं म्हणाली, "छान आहे हो तुमची गाडी. माझे मिस्टरपण करताहेत एक. सारखे तिथेच असतात. मी हाका मारते, पण ते येत नाहीत."

मी मागे तोंड दाबून रडत होते.

"वाईट वाटतं का तुम्हाला?" विल्फनं विचारलं. तिला तुम्ही म्हणाला तो.

"वाटतं ना. करमत नाही मला त्यांच्याशिवाय." मग एकदम काहीतरी सुचून ती घाईघाईनं दाराची कडी शोधायला लागली. "मला घरी सोडता का? ते चहाला आत येतील आज, आणि मी नसेन तिथे."

विल्फनं गाडी वळवली.